बायजाक्का गोड बोलली त्या दिवशी

आमच्या घरात कुणीही कुणाशी हळू बोलत नसे. त्यात राग नव्हता, ती गरज होती. मिरकरवाड्याच्या बंदराला लागून आमचं चिऱ्याचं घर. एका बाजूला बर्फ फोडायच्या मशीनचा खडखडाट, दुसऱ्या बाजूला ट्रॉलरची इंजिनं, मध्ये कावळे, घारी आणि मासळीच्या लिलावाचा कल्ला. या सगळ्याच्या वर ज्याचा आवाज जाईल त्याला जेवण मिळायचं, बाकीच्यांनी हात हलवून मागायचं. बाबा एका ट्रॉलरवर तांडेल होते, म्हणजे बोट त्यांच्या हुकमाने चालायची. बोट धक्क्याकडे वळली की आई पडवीतूनच विचारायची, "काय गावला?" आणि बाबा पाण्यावरून उत्तर द्यायचे. ते ऐकून आई ठरवायची की आज चुलीवर काय चढवायचं. बांगडा असला तर तिरफळं घालून तिखलं, सोबत तांदळाची भाकरी. काहीच गावलं नसेल तर कुळथाची पिठी आणि भाजलेला सुका बोंबील. मला लहानपणी वाटायचं, सगळ्याच घरांत स्वयंपाक असा समुद्राला विचारून होतो.

आई धक्क्यावर मासळी विकायची. तिच्या शेजारी बसायची बायजाक्का. दोघींच्या मध्ये एका पाटीचं अंतर आणि वर एकाच बदामाच्या झाडाची सावली. भांडणाचं मूळ ही सावलीच. सकाळी ती आईच्या बाजूला असायची आणि दुपारी सरकत बायजाक्काच्या बाजूला जायची. सूर्य असा का फिरतो याचा जाब दोघी एकमेकींना विचारायच्या. मला कळायला लागल्यापासून त्यांचं बोलणं बंद होतं. बंद म्हणजे एकमेकींशी बंद. एकमेकींबद्दल दिवसभर चालूच. "काल कुनीतरी शिळी सुरमई खपवलीन हां," असं बायजाक्का समोरच्या कावळ्याला सांगायची. "काही लोकांची जीभच नासकी, मासळी बिचारी काय करील," असं आई बर्फाच्या पेटीला सांगायची. गिऱ्हाईक मध्ये उभं राहून दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायचं आणि शेवटी घाबरून दोघींकडूनही घ्यायचं. आता विचार केला तर दोघींचा धंदा त्या भांडणावरच चालला होता.

सुट्टीच्या दिवशी आई मला हाताखाली घ्यायची. मासळी ओळखायला तिने मला तिथेच शिकवलं. "डोळ्यावर जाव नको. बर्फात ठेवला की मेल्याचा पण डोला चमकतो. कल्ले बघ. लाल तर ताजा, पांढरा पडला तर गेला." गावातली शहाणी गिऱ्हाइकंही कल्ले उघडून बघायची. काहीजण नुसतीच प्रत्येक मासा उघडून बघत पुढे सरकायची. त्यांच्यासाठी आईचं एक ठरलेलं वाक्य होतं. "कल्ले काय बघतंस? घ्यायचा असंल तर घे, नाय तर हात काढ." ते वाक्य एवढं प्रसिद्ध होतं की आमच्या वाडीत एखाद्या मुलाने पोरगी बघून जाऊन बरेच दिवस उत्तर दिलं नाही, तर तिकडेही तेच निरोपात जायचं.

कुर्ल्यांचा, म्हणजे खेकड्यांचा, धडा वेगळा. जिवंत कुर्ल्यांची पाटी आली की मी घाबरून लांब राहायची. आई म्हणायची, "नांग्या आपटतंय तिची चिंता करू नको, ती बरी हाय. गप पडलीय ती आधी उचल." मेलेली कुर्ली पाटीत राहिली तर विकायची सोय नाही, म्हणून जी गप्प झाली तिच्याकडे आधी बघायचं, असा हिशेब. हे मी इतकं मनावर घेतलं की पुढे नर्सिंगला गेल्यावर त्याच धड्याने मला तोंडघशी पाडलं.

नर्सिंगला जायचं खूळ माझं मीच घेतलं होतं. गावातल्या एका मोठ्या इस्पितळाला जोडून शिकवणीची शाळा होती आणि पांढऱ्या कपड्यातल्या मुली रांगेने जाताना मी बघितल्या होत्या. बाबा म्हणाले, जा. आई म्हणाली, "हिचा आवाज आयकून पेशंट उठून पलतील. तेवढ्याच खाटी रिकाम्या." पण पहिल्या दिवशी डब्यात तिखलं तिनेच भरून दिलं, आणि होस्टेलच्या खोलीत मी डबा उघडल्यावर चिपळूणच्या आणि राजापूरच्या मुलींनी माझ्याशी मैत्री करून टाकली.

आम्हाला शिकवायला अन्नम्मा सिस्टर होत्या. केरळातून खूप वर्षांपूर्वी आल्या होत्या, भातात सोलकढी ओतून जेवत होत्या, पण मराठी बोलताना कुणाला बाई करायचं आणि कुणाला बुवा हे त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. आम्हा मुलींना त्या आपल्या भाषेत 'मोळे', म्हणजे पोरी, म्हणायच्या. अंगाने बारीक, चालताना पावलांचा आवाज नाही, आणि बोलणं इतकं हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. माझी आणि त्यांची गाठ म्हणजे बंदर आणि देवघर. कॅज्युअल्टीत, म्हणजे अपघात आणि तातडीचे रुग्ण येतात त्या खोलीत, माझी ड्युटी लागली तेव्हा पहिल्याच दिवशी मी खोलीच्या या टोकावरून त्या टोकाच्या वॉर्डबॉयला स्ट्रेचर मागितलं. खोलीतले पेशंट दचकले. एका आजोबांचं मोजत असलेलं बीपी वर गेलं. सिस्टर माझ्याजवळ आल्या आणि कानात बोलल्या, "मोळे, हा हॉस्पिटल आहे. बंदर नाही. परत आवाज आला तर तुझा कॅज्युअल्टी संपला. लिनन रूममध्ये चादरी घडी करायचा."

मला चादरींचं वावडं नव्हतं, पण कॅज्युअल्टी सोडायची नव्हती. मला ती खोली पहिल्या दिवसापासून आवडली. तिथे आमच्या धक्क्यासारखं होतं. काय येईल ते आधी ठाऊक नसायचं आणि आलं की लगेच हात चालवावे लागायचे. वॉर्डात रोज त्याच वेळी तीच गोळी देताना मला झोप यायची. सिस्टर कॅज्युअल्टी शिकवायच्याही फार छान. पेशंट आत आणला की हात लावायच्या आधी दारातूनच बघायला लावायच्या. श्वास कसा, रंग कसा, डोळे कुणाला शोधतात. उशीला चादर गुंडाळून त्याचा पेशंट करायच्या आणि विचारायच्या, याला काय झालं. आम्ही म्हणायचो, सिस्टर, ही उशी आहे. त्या म्हणायच्या, उशीसारखा पेशंट येतो, तेव्हा काय सांगणार? एकदा वर्गात त्यांनी विचारलं की एकदम खूप जखमी आले तर आधी कुणाला बघायचं. मी हात वर केला आणि कुर्ल्यांची पाटी सांगितली. वर्ग हसला. सिस्टर हसल्या नाहीत. "बरोबर," त्या म्हणाल्या. "पण माणूस खेकडा नाही, मोळे." तेव्हा मला फक्त 'बरोबर' ऐकू आलं.

मग तो दिवस आला. दुपारचं जेवण नुकतंच उरकत होतं. पालीच्या बाजाराला निघालेला मासळीवाल्यांचा टेंपो हातखंब्याच्या वळणावर थांबलेल्या एसटीवर मागून आदळला होता. टेंपोतल्या बायका, एसटीतले उतारू, आणि त्यांच्यामागे बघता बघता अर्धा मिरकरवाडा, असे सगळे आमच्या दारात आले. आमच्याकडे कुणाला ठेच लागली तरी सोबत वाडी येते. खोलीभर ओली लुगडी, रक्त आणि बांगड्याचा वास. डॉक्टर एकच होते. ते एका माणसाच्या पायाचं रक्त थांबवायला त्याला घेऊन पॅसेजच्या टोकाच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले. जाताना त्यांनी सगळ्यांवरून एक हात आणि नजर फिरवली होती. तेव्हा बाकीचे थांबण्यासारखेच होते. सिस्टर दाराशी गर्दी थोपवत होत्या. आम्हा मुलींना त्यांनी पेशंट वाटून दिले आणि माझ्या वाट्याला भिंतीकडच्या दोन खाटा आल्या.

एका खाटेवर होती बायजाक्का. त्या दिवशी तीही बाजाराला निघाली होती आणि पाटीसकट आदळली होती. कपाळाला खोक, आणि तोंड सुरू. टेंपोवाल्याचा बाप, एसटीचं खातं, हातखंब्याचं वळण, कुणालाही तिने सोडलं नाही. मला बघितल्यावर तिला नवीन उत्साह आला. "ही बघा पारूची पोर. आयशीनं शिलं विकलंन, आता पोर सुई टोचनार. मेल्ये, हात धुतलंस काय?" मी तिच्या कपाळावर पट्टी बांधली, नाडी बघितली, आणि मनात म्हटलं, नांग्या आपटतेय, बरी आहे.

दुसऱ्या खाटेवर एसटीतली एक म्हातारी होती. जखम दिसत नव्हती. पण गप्प. नाव विचारलं, गप्प. कुठे दुखतं, गप्प. ओठ घट्ट मिटलेले आणि डोळे माझ्यावर. मला आईची पाटी आठवली. गप पडलीय ती आधी उचल. मी तिला खाटेवर सपाट केलं, मान धरली, बाहुल्यांवर बॅटरी मारली, हाताला पट्टा बांधून बीपी घेतलं, पुन्हा घेतलं. सगळं ठीक येत होतं, त्यामुळे माझी भीती जास्तच वाढली. म्हातारी माझा हात झटकायची आणि बोट करून कुठेतरी दाखवायची. मला वाटलं, मेंदूला मार लागलाय, भ्रमात आहे. मी तिचा हात पुन्हा खाली दाबायची. ती पुन्हा वर करायची. आमची चांगली झटापट झाली.

तेवढ्यात गर्दीतून तिची सून आत घुसली. "अहो सिस्टर, काय करताय त्यांना? त्यांचं मौन आहे." हेदवीच्या गणपतीला नवस बोलला होता, नातवाला नोकरी लागेपर्यंत दिवेलागणीआधी तोंड उघडायचं नाही. टेंपो आदळला तरी बाईंनी नवस मोडला नव्हता. सून म्हणाली, "घरात आम्हाला बरं पडलंय, लवकर नोकरी लागली नाही तरी चालेल." सासूने तिच्याकडे असं बघितलं की दिवेलागणीनंतर काय होणार ते कळलं. आणि मग पुन्हा बोट वर केलं. या वेळी मी बोटाच्या मागे बघितलं. ते बायजाक्काच्या खाटेकडे होतं.

बायजाक्का बोलतच होती, म्हणून कुणी वळून बघितलं नव्हतं. फक्त तिच्या आवाजातला काथ्या निघून गेला होता. मी जवळ गेल्यावर तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "आलंस गो बाय? त्या म्हातारीला बघ आधी. माजा काय नाय. जरा पानी दे, आनि हा खांदा दुकतोय तेवढा." मग थांबून म्हणाली, "तुजी आय चांगली हाय हां. सांग तिला."

मी आजपर्यंत इतकी घाबरलेली नाही. बायजाक्काच्या तोंडून आईसाठी चांगला शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. त्या बाईच्या शेजारी मी लहानाची मोठी झाले होते. ती ताप आला तरी शिव्या द्यायची, नवरा गेला तेव्हा रडता रडताही यमाला तिने सोडलं नव्हतं. ही बाई माझ्याशी गोड बोलते म्हणजे आत काहीतरी फार बिघडलंय. तिचा हात बर्फाच्या पेटीतून काढल्यासारखा गार होता आणि कपाळावर घाम. माझा हात आपोआप गेला आणि मी तिची खालची पापणी ओढून बघितली. आत लाल हवं तिथे पांढरं होतं. नाडी मघाशी ठणठणीत होती, ती आता दोऱ्यासारखी बारीक आणि भरभर पळत होती. बाहेर रक्ताचा थेंब नाही, म्हणजे रक्त आत कुठेतरी जात होतं.

डॉक्टर पॅसेजच्या टोकाला, बंद दाराआड. सिस्टर गर्दीच्या पलीकडे. बायजाक्काने माझा हात घट्ट धरलेला, आणि तिला सोडून जायची माझी छाती होईना. लिनन रूम माझ्या डोळ्यांसमोर आली, खोटं कशाला बोलू. घड्या घातलेल्या चादरींसकट आली. मग मी श्वास घेतला आणि बाबांची बोट खाडीच्या तोंडाशी असताना जशी हाक मारायची, तशी मारली. "डॉक्टर, इकडे या. बाय चाललीय."

वरच्या मजल्यावरचे लोक कठड्याशी आले असं नंतर कळलं. खोलीतले सगळे एकदम गप्प झाले, वाडीसुद्धा. ड्रेसिंग रूमचं दार उघडलं आणि डॉक्टर पळत आले. त्यांच्याआधी सिस्टर पोचल्या होत्या. त्यांनी मला काही विचारलं नाही, पापणी बघितली, खाटेचा पायाकडचा भाग वर उचलायला लावला आणि दोन्ही हातांना सलाईन लावली. मी त्यांच्या हाताखाली काय मागतील ते देत होते. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, प्लीहा फुटली असणार, थिएटर तयार करा. मग दाराकडे बघून म्हणाले, रक्त लागेल, कोण देतंय?

अर्धा मिरकरवाडा दारात होता आणि सगळे जमिनीकडे बघायला लागले. वादळात बोट नेणारे खलाशी, पण सुई म्हटल्यावर एकेकाला घरची कामं आठवली. त्यांच्यातून आई पुढे आली. ती कधी आली होती मला ठाऊक नाही. पदर खोचलेला, हाताला खवलं चिकटलेली. "माजा घ्या," ती म्हणाली. मग मागे वळून वाडीला म्हणाली, "ती मेली तर मी भांडू कुनाशी? तुमच्याशी? तुमची कुवत हाय?" रक्त जुळलं. आईने एक बाटली दिली, आणि त्यानंतर लाजेने चार खलाशी बाह्या सरसावून रांगेत उभे राहिले.

बायजाक्का वाचली. शुद्धीवर आल्यावर पेज भरवायला मीच गेले. एक चमचा तोंडात घेऊन ती माझ्याकडे बघत राहिली. मला धाकधूक, आता पुन्हा गोड बोलते की काय. "ही पेज केलीन कोनी?" ती म्हणाली. "भांडी धुतलेला पानी बरा." मी तिथेच रडायला लागले. सिस्टरनी विचारलं काय झालं, तर मी म्हटलं, काही नाही सिस्टर, बरी आहे ती. आई रोज डबा घेऊन यायची, पण दोघींचं बोलणं बंदच. आई मला सांगायची, "तिला सांग, खा म्हनावं." बायजाक्का मला सांगायची, "तुज्या आयशीला इचार, रक्तात काय घातलंन? कालपासून मला लोकांना भाव कमी सांगावासा वाटतोय." आणि धक्क्यावर परतल्यावर पहिल्याच दिवशी सावलीवरून पेटलं. वाडीला हायसं वाटलं.

माझं काय होणार हे कुणी सांगेना. मी ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आपण होऊन लिनन रूमच्या दारात जाऊन उभी राहिले. अन्नम्मा सिस्टर समोरून चालल्या होत्या. थांबल्या. "इथे काय करतो?" मी म्हटलं, सिस्टर, काल आवाज झाला. "पेशंट काय चादरीत आहे?" म्हणाल्या आणि चालू लागल्या. मी त्यांच्यामागे धावले. त्यानंतर दाराशी गर्दी झाली आणि त्यांचं कुणी ऐकेना, की त्या मागे वळून हळूच म्हणायच्या, "मोळे, बंदर." आणि मी गर्दी मागे हटवायची.

आता मी निवृत्त आहे, पण तातडीच्या सेवेत येणाऱ्या मुलींना आणि मुलग्यांना शिकवायला अधूनमधून बोलावतात. उशीच्या जागी आता रबरी माणूस असतो. तो श्वास घेतो, घामही येतो म्हणतात. मॉनिटरवर सगळे आकडे दिसतात आणि माझ्या विद्यार्थिनी आकड्यांकडे बघून मला सांगतात, मॅडम, नॉर्मल आहे. मी म्हणते, आकडे बघाच, मला ते मिळाले असते तर मी नाचले असते. पण सोबत आलेल्या माणसाला एक विचारा, हा नेहमी असाच असतो का? कुणाचा गप्पपणा नवसाचा असतो आणि कुणाचं गोड बोलणं मरणाचं. ते घरच्याला कळतं, नाहीतर शेजारच्याला. आणि वैरी असेल तर त्याला सगळ्यात आधी.

बायजाक्का गेली त्याला बरीच वर्षं झाली. म्हातारपणाने, झोपेत गेली; कुणाला दोष द्यायची संधी न मिळता, याचं आईला फार वाईट वाटलं. त्यानंतर आई धक्क्यावर बसायची थांबली. सावली आता दिवसभर आईचीच होती, आणि तिला ती नको होती. 

आई अजून आहे. खाटेवर असते, ऐकू कमी येतं, म्हणून आमच्या घरात अजूनही कुणी हळू बोलत नाही. मागच्या थंडीत तिला ताप आला. मी दिवसभर तिच्या मागे होते, कपडे बदल, पेज दे, औषध दे, आणि ती सवयीप्रमाणे माझ्या हाताला, पेजेला आणि औषधाच्या कंपनीला नावं ठेवत होती. संध्याकाळी मी तिची उशी नीट करत होते तेव्हा तिने माझा हात धरला. "दमलंस गो बाय," ती म्हणाली. "बस जरा माज्याजवल. किती करतंस माजा."

इतक्या वर्षांत आईने मला बस म्हटलं नव्हतं. ऑक्सिजन बघायचं यंत्र टेबलावर होतं, ते मला दिसलंच नाही. मी वाकले आणि तिची खालची पापणी ओढून बघितली.

आईने एक डोळा उघडला. "कल्ले काय बघतंस?" ती म्हणाली. "घ्यायचा असंल तर घे, नाय तर हात काढ."

मी हात काढला. आणि मग, तिनेच सांगितलं होतं म्हणून, तिच्याजवळ बसले.